सतरावरून ब्याऐंशी : ल्युपस आणि मूत्रपिंडाचा इतिहास

१/ कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारीचा गंभीर रुग्ण बहुधा छत्रपती संभाजीनगरच्या 'घाटी'ची वाट धरतो. घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे. मराठवाडा हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला तेही हेच वर्ष. त्या काळी ल्युपसने मूत्रपिंड गाठले, की जगातील मोठमोठी रुग्णालयेही हतबल होत. हे चित्र कसे पालटले, त्याचा हा धागा.

२/ लॅटिनमध्ये 'ल्युपस' म्हणजे लांडगा. चेहऱ्यावरील व्रण लांडग्याने लचका तोडल्यासारखे भासत, म्हणून हे नाव. १८५१ साली फ्रेंच वैद्य काझनाव्ह यांनी 'ल्युपस एरिथेमाटोसस' ही संज्ञा वापरली. पुढे कापोसी (१८७२) आणि ऑस्लर यांनी दाखवून दिले, की हा केवळ त्वचेचा रोग नव्हे; तो आतील अवयवांनाही ग्रासतो.

३/ शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते. त्यातून तयार झालेली संयुगे मूत्रपिंडाच्या सूक्ष्म गाळण्यांत अडकतात, दाह होतो आणि लघवीतून प्रथिने वाहू लागतात. हाच ल्युपस नेफ्रायटिस.

४/ १९४८ हे वळणाचे वर्ष. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज यांनी रोगाची खूण ठरणारी 'एल. ई. पेशी' नोंदवली. त्याच संस्थेत, त्याच वर्षी, कॉर्टिसोन प्रथमच संधिवाताच्या रुग्णाला दिले गेले. लवकरच ते ल्युपसवरही वापरात आले.

५/ १९५१ मध्ये डेन्मार्कच्या इव्हरसन व ब्रून यांनी सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याची पद्धत मांडली. रुग्ण जिवंत असतानाच हानी किती, हे दिसू लागले. उपचार त्या प्रतीनुसार ठरू लागले.

६/ १९८६ च्या अमेरिकी अभ्यासाने सायक्लोफॉस्फामाइडची शिरेतून दिलेली मात्रा मूत्रपिंड वाचवते, हे दाखवले. मात्र ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, त्याही बहुधा तरुण. आणि या औषधाने वंध्यत्वाचा धोका. म्हणून २००२ च्या युरोपीय अभ्यासातील अल्प मात्रा व पुढे मायकोफेनोलेट यांचे मोल मोठे.

७/ ब्रिटिश तज्ज्ञ कॅमेरॉन यांच्या १९९९ च्या आढाव्यानुसार, सर्वांत तीव्र प्रकारात १९५३ ते १९६९ या काळात पाच वर्षे जगणारे शंभरात १७ होते. १९९० नंतर ८२.

८/ तरीही ढोबळमानाने शंभरात पाच ते वीस रुग्णांची मूत्रपिंडे दहा वर्षांत निकामी होतात. मग डायलिसिस किंवा प्रत्यारोपण. मुंबईच्या केईएममध्ये १९६५ सालीच प्रत्यारोपणाचा प्रयत्न झाला होता. पण हा खर्च सामान्य घराच्या आवाक्यात आणण्याचा शासकीय प्रयत्न बराच नंतरचा : २०१२ ची राजीव गांधी जीवनदायी योजना, जी २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावे चालते.

९/ १९५६ मध्ये मृत्यूचे कारण औषधाचा अभाव हे होते. आज औषध आहे. घात करतो तो उशीर. चेहऱ्यावरचे चट्टे उन्हाचे, सांधेदुखी कामाची, पायावरची सूज अशक्तपणाची मानली जाते आणि महिने निघून जातात. लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी मात्र तालुक्याच्या ठिकाणीही होऊ शकते. सतरा ते ब्याऐंशी हे अंतर प्रयोगशाळांनी कापले. गावापासून त्या पहिल्या तपासणीपर्यंतचे अंतर कापणे समाजाच्या हाती आहे.