स्वप्नातलं गाढव

वैद्यांनी दिलेल्या पथ्याच्या कागदावर दही, लोणचं आणि जागरण यांच्या खाली एक ओळ होती : दिवास्वप्न वर्ज्य. बायकोने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाली, ''मग तुम्ही दिवसभर करणार काय?''

वैद्यांचं म्हणणं साधं होतं : दुपारी झोपू नका. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिवास्वप्न म्हणजे दिवसाची झोप. ग्रीष्मात ती चालते, एरवी बहुतेकांचा कफ वाढवते. त्याच संहितेच्या इंद्रियस्थानात मात्र दिवास्वप्न म्हणजे दिवसा पडलेलं स्वप्न, आणि ते निष्फळ. एकाच ग्रंथात शब्दाने कूस बदललेली.

धातू 'स्वप्', म्हणजे झोपणे. सुप्त, सुषुप्ती ही त्याचीच लेकरं. स्वप्नाचा जुना अर्थही झोपच. झोपेत जे दिसतं त्याला तेच नाव नंतर चिकटलं. फारसीतला ख्वाब हा त्याचा चुलतभाऊ, आणि तिथेही झोप व स्वप्न दोन्हींना हा एकच शब्द. ग्रीक हुप्नोस, लॅटिन सोम्नुस हेही त्याच कुळातले. हिप्नॉटिझम आणि इन्सोम्निया होऊन ते आपल्या दवाखान्यांत शिरले. आपल्या गावांत स्वप्नाचं सपान झालं, आणि मला तेच जास्त झोपाळू वाटतं.

पण खरी गंमत क्रियापदात आहे. मराठीत स्वप्न पडतं. पाऊस पडतो, प्रश्न पडतो, विसर पडतो, भूल पडते, तसंच. त्यात आपण कर्ते नसतोच, 'मला' म्हणून बाजूला उभे. हिंदीत सपना देखतात. आपण 'स्वप्न पाहणं' वेगळ्या कामासाठी राखून ठेवलंय : बंगल्याचं स्वप्न पाहतात, गाढवाचं पडतं.

मला गाढवाचंच पडलं. पथ्य मोडून दुपारी आडवा झालो होतो. जुन्या वाड्याच्या अंगणात वाळूची पोती लादलेलं गाढव उभं आणि त्याची दोरी धरून आजोबा. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली. आयुष्यात त्यांनी गाढवाची दोरी कधी धरली नसावी.

गाढवाला आपल्या जुन्या वाङ्मयात फार वाईट दिवस आहेत. रामायणात आजोळी असलेल्या भरताला स्वप्न पडतं, त्यात दशरथ गाढवं जोडलेल्या रथातून दक्षिणेकडे जातो. लंकेत त्रिजटेच्या स्वप्नात रावणाचीही तीच गत. राम मात्र चार दातांच्या प्रचंड हत्तीवर. चरकातही कुत्रा, उंट किंवा गाढवावर बसून दक्षिणेला जाणाऱ्याला राजयक्ष्म्याचं भय सांगितलंय. दक्षिण यमाची, म्हणून वाहनही अशुभ.

पण आजच्या मराठी माणसाच्या स्वप्नात गाढव आलं तर तो यमाकडे जात नाही, सरळ शाळेत जातो. गाढवा, गृहपाठ कुठंय? फार तर पुढे जाऊन त्याला धिंड आठवते. म्हणजे गाढव तेच, अर्थ बदलला, कारण मधल्या काळात त्या जनावराभोवतीची भाषा बदलली. स्वप्नातले प्राणी आपल्या बोलीतल्या शिव्या, म्हणी आणि वाक्प्रचार अंगावर घेऊनच येतात, असं माझं मत आहे. म्हणून 'साप म्हणजे धन, हत्ती म्हणजे मान' अशा कोष्टकांवर माझा विश्वास बसत नाही.

ग्रीकांना हे पक्कं ठाऊक होतं. इ.स.पू. 332 मध्ये सिकंदर टायर शहराला वेढा घालून बसला होता. वेढा लांबला. तेव्हा त्याला सॅटिर स्वप्नात दिसला, तो अर्धा माणूस, अर्धा प्राणी असलेला जीव. भविष्यवेत्त्या आरिस्तांद्रोसने 'सातिरोस' हा मूळ ग्रीक शब्दच फोडला : 'सा तिरोस', टायर तुझं. शहर पडलंही. दुसऱ्या शतकातल्या आर्तेमिदोरोसच्या स्वप्नग्रंथात ही कथा आहे. या स्वप्नाचं भाषांतर होत नाही. मराठीत झोपलेल्या सिकंदराला ते काही उपयोगी पडलं नसतं.

आपल्याकडे मात्र काही माणसं स्वप्नात पडत नाहीत, येतात. नामदेव पांडुरंगाला घेऊन तुकोबांच्या स्वप्नात आले आणि कविता करायचं काम सोपवून गेले. त्यांचे गुरू बाबाजी यांनी मंत्र दिला तोही स्वप्नातच. याला आपण दृष्टांत म्हणतो. हिंदीवाल्याला 'देवाने दृष्टांत दिला' सांगा, त्याला वाटेल देवाने उदाहरण दिलं. त्याचं चुकत नाही. न्यायशास्त्रात दृष्टांत म्हणजे उदाहरणच. धूर आणि अग्नी यांच्यासाठी तिथे स्वयंपाकघर दाखवतात. महानुभावांच्या दृष्टांतपाठातही चक्रधरांचे दृष्टांत हे दाखलेच आहेत. त्यातलं आंधळ्यांनी चाचपलेल्या हत्तीचं उदाहरण कुणाला माहीत नाही? केसोबासांनी लावलेल्या त्या ग्रंथात आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे कोणता भाग कशाला लावायचा ते. स्वप्नात मधलाच तुकडा हाती येतो. सूत्र नाही, दार्ष्टान्तिक नाही, नुसता अंगणात उभा केलेला हत्ती. किंवा गाढव.

माझ्या गाढवाचा दार्ष्टान्तिक चरकातच सापडला. स्वप्नं सात प्रकारची : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. त्यातली पहिली पाच फळत नाहीत. समोरच्या बांधकामावर सकाळी गाढवं वाळू वाहत होती, ती मी पाहिली होती. दृष्ट. प्रकरण मिटलं.

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. तिने गाढवाकडे लक्षच दिलं नाही. ''आबा आले होते?'' म्हणाली. दिसले नव्हे, आले. ''काही मागत होते का?''

''नाही. नुसते दोरी धरून उभे होते.''

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारलं, ''गाढवाचं तोंड कुठल्या दिशेला होतं?''

वाडा पूर्वाभिमुख, तुळशीवृंदावन डाव्या हाताला. मी बराच वेळ हिशेब करत बसलो.