ओशो रजनीशांचा पंथ धोकादायक 'कल्ट' होता का? वाद नेमका काय आहे?

पुण्याच्या कोरेगाव पार्कमधला ओशो आश्रम महाराष्ट्राला नवा नाही. मरून रंगाचे झगे घालून फिरणारे परदेशी पाहुणे, भिंतीआडच्या गोष्टींबद्दलच्या दंतकथा आणि घरोघरी सापडणारी ओशोंची पुस्तकं, हे सगळं आपल्या ओळखीचं आहे. पण याच पंथाचं नाव अमेरिकेत काढलं, तर अनेकांना आधी आठवतं ते १९८४ सालचं विषप्रयोगाचं प्रकरण.

म्हणूनच गेली चाळीस वर्षं हा प्रश्न विचारला जातो आहे. रजनीशांचा पंथ हा धोकादायक 'कल्ट' होता, की काही मोजक्या लोकांच्या गुन्ह्यांमुळे बदनाम झालेली एक आध्यात्मिक चळवळ? दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं बरंच आहे. ते समजून घेऊ.

'कल्ट' म्हणजे काय?

मराठीत या शब्दाला नेमका प्रतिशब्द नाही. 'पंथ' किंवा 'संप्रदाय' म्हटलं की आपल्याला वारकरी, महानुभाव, नाथ असे संप्रदाय आठवतात आणि त्यात निंदेचा सूर नसतो. 'बुवाबाजी' या शब्दात फसवणूक येते, पण बंदिस्त समूह येत नाही. इंग्रजीतल्या 'कल्ट'मध्ये मात्र दोन्ही येतं. एका गुरूभोवती बांधलेला, बाहेरच्या जगापासून तुटलेला आणि सदस्यांचं नुकसान करणारा गट, असा त्याचा रूढ अर्थ आहे.

या शब्दाला आज जी भीती चिकटलेली आहे, तिचं मोठं कारण म्हणजे जोन्सटाउन. १८ नोव्हेंबर १९७८ रोजी दक्षिण अमेरिकेतल्या गयाना देशात जिम जोन्स या धर्मगुरूच्या वसाहतीत ९०० हून अधिक लोकांचा सायनाइडमुळे मृत्यू झाला. चौकशीसाठी गेलेले अमेरिकी खासदार लिओ रायन यांचीही त्याच दिवशी हत्या झाली. योगायोग असा, की याच रायन यांची एक मुलगी पुढे रजनीशांची संन्यासी झाली आणि त्यांच्या अमेरिकेतल्या वसाहतीत राहिली.

धर्माचे अनेक समाजशास्त्रज्ञ 'कल्ट' हा शब्द टाळतात आणि 'नवी धार्मिक चळवळ' असं म्हणतात. त्यांचं म्हणणं असं, की एकदा हा शिक्का बसला की पुढे कुणी चौकशी करत नाही. टीकाकारांचं उत्तर असं, की सौम्य शब्द वापरल्याने पीडितांचं दुःख झाकलं जातं.

जबलपूर ते पुणे

रजनीशांचं मूळ नाव चंद्रमोहन जैन. त्यांचा जन्म ११ डिसेंबर १९३१ रोजी मध्य प्रदेशातल्या कुचवाडा गावात झाला. जबलपूरला ते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. १९६६ मध्ये नोकरी सोडून ते पूर्णवेळ व्याख्यानं देऊ लागले. समाजवाद, गांधीवाद, रूढ धर्म आणि लैंगिकतेबद्दलचा दांभिकपणा, सगळ्यांवर ते टीका करत. १९७० मध्ये त्यांनी मनालीला 'नवसंन्यास' द्यायला सुरुवात केली. हा संन्यास घर सोडण्याचा नव्हता. भगवी वस्त्रं, नवं नाव आणि गुरूंचं चित्र असलेली माळ एवढंच त्यात अपेक्षित होतं.

काही वर्षं मुंबईत राहिल्यावर १९७४ मध्ये त्यांनी पुण्यात आश्रम सुरू केला. युरोप-अमेरिकेतून हजारो तरुण इथे येऊ लागले. अभिनेते विनोद खन्नाही त्यांचे शिष्य झाले आणि पुढे चित्रपट सोडून अमेरिकेतल्या वसाहतीत राहायला गेले.

पुण्यातले दिवसही वादाचेच होते. तिथल्या काही 'थेरपी' गटांत मारामारीपर्यंत वेळ जाई. टीका वाढल्यावर १९७९ मध्ये आश्रमाने हिंसा थांबवल्याचं जाहीर केलं. दुसरीकडे १९८० मध्ये प्रवचन सुरू असताना रजनीशांवर चाकू फेकण्यात आला. सरकारने करसवलत काढून घेतली आणि सासवडजवळ मोठी वसाहत उभारण्याचा बेतही फसला. १९८१ च्या जूनमध्ये रजनीश अमेरिकेला गेले.

ओरेगनमध्ये काय घडलं?

ओरेगन राज्यात सुमारे ६४ हजार एकरांची एक जुनी गुरांची कुरणं असलेली जमीन ५७ लाख ५० हजार डॉलर्सना विकत घेण्यात आली. रजनीश तेव्हा सार्वजनिक मौनात होते. सगळा कारभार त्यांच्या सचिव मा आनंद शीला पाहत होत्या. काही वर्षांतच तिथे रस्ते, धरण, शेती, विमानाची धावपट्टी आणि स्वतःचं पोलीस दल असलेलं 'रजनीशपुरम' उभं राहिलं. रजनीशांकडे ९३ रोल्स रॉइस गाड्या जमल्या.

जमिनीच्या वापराचे नियम आडवे आले, तेव्हा अनुयायांनी जवळच्या अँटेलोप या चाळीसेक वस्तीच्या गावात राहायला जाऊन मतदानाच्या जोरावर गावाची सत्ता घेतली. गावाचं नावही 'रजनीश' करण्यात आलं. त्यानंतर लक्ष्य होतं वॉस्को काउंटीचं, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या मंडळाचं.

१९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द डॅल्स या गावातल्या १० रेस्टॉरंटमधल्या सॅलड बारमध्ये साल्मोनेला जिवाणू मिसळण्यात आले. ७५१ लोक आजारी पडले, ४५ जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने कुणी दगावलं नाही. नोव्हेंबरच्या निवडणुकीत विरोधी मतदारांना घरीच अडकवून ठेवायचं, ही त्यामागची योजना होती आणि हा प्रयोग त्याची रंगीत तालीम होती. सुरुवातीला आरोग्य यंत्रणेने याचा दोष रेस्टॉरंटच्या कर्मचाऱ्यांच्या अस्वच्छतेला दिला. वर्षभराने वसाहतीच्या प्रयोगशाळेत तेच जिवाणू सापडले, तेव्हा खरं कळलं.

त्याच काळात मतदार वाढवण्यासाठी अमेरिकेच्या शहरांतून हजारो बेघर लोकांना बसने वसाहतीत आणलं गेलं. त्यांना शांत ठेवण्यासाठी बिअरमधून नकळत औषध दिल्याचंही पुढे उघड झालं. मतनोंदणी अडली, तेव्हा त्यांना आसपासच्या गावांत सोडून देण्यात आलं.

'हा धोकादायक कल्टच होता'

या बाजूचा पहिला मुद्दा म्हणजे गुन्ह्यांची यादी. विषप्रयोगाखेरीज वसाहतीत बेकायदा फोन टॅपिंग चालत होतं. खुद्द रजनीशांच्या खोलीतही ध्वनियंत्रं लावलेली होती. सरकारी वकील चार्ल्स टर्नर यांच्या हत्येचा कट रचला गेला. जुलै १९८५ मध्ये रजनीशांच्या खासगी डॉक्टरांना विषारी इंजेक्शन देऊन मारण्याचा प्रयत्न झाला.

दुसरा मुद्दा वातावरणाचा. हे गुन्हे करणारे लोक सराईत गुन्हेगार नव्हते. शिकलेली, ध्यानासाठी आलेली माणसं होती ती. 'गुरूंना आणि वसाहतीला धोका आहे' असं सतत सांगितलं गेलं आणि प्रश्न विचारणाऱ्याला अहंकारी ठरवलं गेलं, म्हणून ती इथवर आली, असं टीकाकार म्हणतात. कामाला 'पूजा' म्हटलं जाई आणि दिवसाचे बारा-बारा तास ते बिनपगारी चाले.

तिसरा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे, तो मुलांचा. पंथाच्या वसाहतींत वाढलेल्या अनेकांनी मोठं झाल्यावर आपले अनुभव सांगितले. ब्रिटिश लेखक टिम गेस्ट यांचं २००४ मध्ये आलेलं 'माय लाइफ इन ऑरेंज' हे त्यातलं गाजलेलं पुस्तक. आईपासून तुटलेलं, मोठ्यांचं लक्ष नसलेलं बालपण त्यात आहे. २०२४ मध्ये आलेल्या 'चिल्ड्रन ऑफ द कल्ट' या माहितीपटात वसाहतींत वाढलेल्या स्त्रियांनी अल्पवयात झालेल्या लैंगिक शोषणाबद्दल उघडपणे सांगितलं. मोठी माणसं स्वतः निवड करून आली होती, पण मुलांना कुणी विचारलं नव्हतं, हा मुद्दा इथे निर्णायक ठरतो.

'नाही, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका'

दुसरी बाजू सांगते, की विषप्रयोगाची माहिती मूठभर लोकांनाच होती. हजारो संन्यासी शेतात, स्वयंपाकघरात राबत होते आणि त्यांना हे वर्तमानपत्रांतून कळलं. शीला आणि त्यांचे जवळचे सहकारी सप्टेंबर १९८५ मध्ये युरोपात निघून गेले, तेव्हा रजनीशांनी स्वतः पत्रकारांना बोलावून या गुन्ह्यांचे आरोप जाहीर केले आणि तपासाची मागणी केली.

वसाहतीतल्या लोकांचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांना तिथे बहुसंख्य लोक सुशिक्षित आणि मध्यमवर्गीय आढळले. समाजशास्त्रज्ञ मॅरियन गोल्डमन यांनी तिथल्या स्त्रियांवर पुस्तक लिहिलं. चांगल्या नोकऱ्या असलेल्या, यशस्वी स्त्रिया तिथे का गेल्या, हा त्यांचा प्रश्न होता. 'ब्रेनवॉश झालेले भोळे लोक' हे चित्र त्यात बसत नाही.

शिवाय द्वेष एकतर्फी नव्हता. भारतीय गुरू, लाल कपडे आणि मुक्त लैंगिकता यांबद्दल स्थानिकांत तीव्र राग होता. १९८३ मध्ये पोर्टलंड शहरातल्या पंथाच्या हॉटेलात एका बाहेरच्या अतिरेक्याने बॉम्बस्फोट घडवला. त्यानंतर वसाहतीत शस्त्रं वाढली.

आणि शेवट जोन्सटाउनसारखा झाला नाही. १९८५ च्या अखेरीस वसाहत मोडली, तेव्हा लोक सामान बांधून आपापल्या घरी गेले.

रजनीशांना माहीत होतं का?

सगळा वाद अखेर या प्रश्नापाशी येतो. रजनीशांवर विषप्रयोगाचा खटला कधीच चालला नाही. २८ ऑक्टोबर १९८५ रोजी त्यांना नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या शार्लट इथे अटक झाली ती व्हिसा आणि खोट्या विवाहांच्या प्रकरणात. दोन आरोपांवर त्यांनी तडजोडीची कबुली दिली. ४ लाख डॉलर्स दंड आणि स्थगित शिक्षा झाली आणि त्यांनी अमेरिका सोडली.

वसाहतीचे महापौर राहिलेल्या अनुयायाने तपास यंत्रणेला सांगितलं, की या कटाबद्दल आपण रजनीशांशी बोललो आहोत आणि त्यांनी तो रोखला नाही, असं शीला यांनी आपल्याला सांगितलं होतं. म्हणजे हा पुरावा ऐकीव आहे. शीला यांनी गुन्हे कबूल केले, त्यांना २० वर्षांपर्यंतची शिक्षा झाली आणि सुमारे अडीच वर्षांत त्या सुटल्या. नंतरच्या मुलाखतींत त्या आणि रजनीशांचे निष्ठावंत परस्परविरोधी गोष्टी सांगत राहिले. २०१८ च्या 'वाइल्ड वाइल्ड कंट्री' या मालिकेनेही हा प्रश्न खुलाच ठेवला.

पण यातून एक गोष्ट मात्र दिसते. त्यांना माहीत असेल, तर ते गुन्ह्यात सामील होते. माहीत नसेल, तर ज्या व्यवस्थेत सगळी सत्ता त्यांच्या नावाने चालत होती, तिच्यावर कुणाचाही अंकुश नव्हता. दोन्ही शक्यता व्यवस्थेबद्दल चांगलं सांगत नाहीत.

निकष लावले तर?

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी विध्वंसक गट ओळखण्यासाठी तीन खुणा सांगितल्या होत्या. तत्त्वांऐवजी नेत्याचीच पूजा, विचार बदलण्यासाठी दबाव आणि वरच्या वर्तुळाकडून खालच्यांचं शोषण.

रजनीशपुरमला पहिली आणि तिसरी खूण बऱ्यापैकी लागू पडते. दुसरीबद्दल मतभेद आहेत, कारण दबाव होता तसं सोडून जाण्याचं स्वातंत्र्यही बहुतेकांना होतं. पण पुण्यातला १९७५ चा आश्रम, १९८४ चं रजनीशपुरम आणि आजचं ध्यानकेंद्र या तिन्हींना एकच उत्तर लागू होत नाही. आज पुण्यातले वाद आश्रमाची जमीन, ट्रेडमार्क आणि रजनीशांच्या मृत्युपत्राचे आहेत, म्हणजे मालकीचे. रजनीशांचं निधन १९ जानेवारी १९९० रोजी पुण्यातच झालं.

कायदा काय बघतो?

ओरेगनमध्ये शिक्षा झाली ती विषप्रयोग, कट आणि टॅपिंगबद्दल. 'कल्ट असणं' हा गुन्हा नव्हता. महाराष्ट्रातही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याची दिशा हीच आहे. तो श्रद्धेवर बंदी घालत नाही. अघोरी उपाय, दैवी शक्तीच्या नावाखाली फसवणूक आणि लैंगिक शोषण अशा ठरावीक कृत्यांना तो गुन्हा ठरवतो.

आपल्या ओळखीतलं कुणी एखाद्या गटात ओढलं जात असेल, तर 'हा कल्ट आहे' असं म्हणून वाद घालण्याचा सहसा उपयोग होत नाही. त्याऐवजी साधे प्रश्न विचारता येतात:

- गुरूंच्या किंवा व्यवस्थापनाच्या चुकीबद्दल आत राहून बोलता येतं का?
- पैशांचा हिशेब सदस्यांना दिसतो का?
- सोडून गेलेल्यांशी बाकीचे बोलतात का?
- जुन्या मित्रांशी आणि घरच्यांशी संबंध तोडायला सांगितलं जातं का?
- मुलांची जबाबदारी कुणाकडे आहे आणि तक्रार कुठे करता येते?

१९८४ च्या रजनीशपुरमला हे प्रश्न विचारले असते, तर बहुतेकांची उत्तरं काळजी वाटावी अशीच आली असती. तिथे रमलेल्या हजारो लोकांना खरोखर काहीतरी मिळालं होतं, हेही खोटं नाही. धोका ओळखायला उशीर होतो, त्याचं एक कारण हेच आहे. चांगला अनुभव आणि वाईट व्यवस्था एकाच छपराखाली राहू शकतात.