एलिझाबेथ ट्रॉगट : अर्थांतराच्या वाटा

शब्दांचे उच्चार नियमाने बदलतात, हे एकोणिसाव्या शतकातच सिद्ध झाले होते. अर्थ मात्र लहरी. प्रत्येक शब्दाची कथा निराळी, असा समज दीर्घकाळ टिकून राहिला. त्याला छेद देणाऱ्या अभ्यासकांत एलिझाबेथ क्लॉस ट्रॉगट यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१९३९ मध्ये जन्मलेल्या ट्रॉगट यांनी ऑक्सफर्डची पदवी घेऊन १९६४ मध्ये बर्कली येथे डॉक्टरेट मिळवली. १९७० पासून त्यांची कारकीर्द स्टॅनफर्ड विद्यापीठात घडली. १९७२ मध्ये इंग्रजी वाक्यरचनेच्या इतिहासावरचा त्यांचा ग्रंथ आला. पुढे त्या अर्थाकडे वळल्या.

त्यांचे लक्ष भारदस्त शब्दांवर नव्हते. ‘व्हाइल’, ‘मस्ट’ यांसारख्या, कोणी वळूनही न पाहणाऱ्या शब्दांवर होते. ‘व्हाइल’ हे मूळचे ‘काळ’ या अर्थाचे नाम. त्यातून ‘ज्या वेळी’ असे अव्यय झाले. दोन गोष्टी एकाच वेळी घडतात असे सांगताना त्यांतला विरोधही ऐकणाऱ्याला जाणवू लागला आणि हा शब्द ‘जरी’ या अर्थानेही रूढ झाला. वेळ बाहेरच्या जगातली, विरोध मात्र बोलणाऱ्याच्या मनातला. ‘मस्ट’च्या पूर्वरूपात मुभेचा अर्थ होता, नंतर त्यात सक्ती आली आणि अखेरीस ‘तो घरी असणारच’ असा तर्कही. आपले ‘पाहिजे’ आठवावे. ‘पाहणे’चे हे जुने कर्मणी रूप गरज सांगू लागले, मग कर्तव्य, आणि ‘तो एव्हाना पोहोचला असला पाहिजे’ या वाक्यात तर ते निव्वळ अनुमान आहे.

वस्तुस्थितीकडून वक्त्याच्या दृष्टिकोनाकडे होणाऱ्या या प्रवासाला त्यांनी व्यक्तिनिष्ठीकरण म्हटले. ‘लँग्वेज’ या नियतकालिकातील १९८९ चा त्यांचा लेख या संदर्भात आजही उद्धृत होतो. रिचर्ड डॅशर यांच्यासह २००२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात इंग्रजीबरोबर जपानीचेही पुरावे आले. सूचित अर्थ वारंवार वापराने शब्दाला कायमचा कसा चिकटतो, हे त्यात उलगडले आहे.

आक्षेप आलेच. पॉल हॉपर यांच्यासह १९९३ मध्ये लिहिलेल्या व्याकरणीभवनावरील ग्रंथात हा प्रवास सहसा एकाच दिशेने होतो, असे प्रतिपादन होते; विरोधकांनी उलट दिशेची उदाहरणे पुढे केली. ट्रॉगट यांनीही तो अटळ नियम नव्हे, प्रबळ कल मानला. ग्रॅम ट्रूसडेल यांच्याबरोबरच्या २०१३ च्या ग्रंथात तर त्यांनी सुटा शब्द मागे ठेवून संपूर्ण रचनेच्या परिवर्तनाचा विचार मांडला.