नव्या मोटारीचा रास्त भाव : तात्यापाऱ्यातून दिसणारा इतिहास

रायपूरच्या जुन्या शहरातून जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड, म्हणजे बोलण्यातला जी. ई. रोड, हा नागपूरला कलकत्त्याशी जोडणारा जुना मार्ग आहे, आणि त्याच्या कडेची तात्यापारा ही वस्ती (छत्तीसगडीत ‘पारा’ म्हणजे मोहल्ला) शहरातील मराठी कुटुंबांच्या जुन्या ठिकाणांपैकी एक आहे. नागपूरच्या भोसले घराण्यातील बिंबाजी 1758 मध्ये रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहू लागले, 1818 नंतर इंग्रज अधीक्षकांच्या काळात मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला आले आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले; या स्थित्यंतरांतून मराठी माणसे रायपुरात स्थिरावली, तरी त्यांच्या सोयरिकी आणि येणे-जाणे विदर्भाशी टिकून राहिले. नव्या मोटारीचा भाव चांगला पडला की नाही हे लोक कसे ठरवत आले याचा विचार करताना ही नाती कामाची ठरतात, कारण एक भाव पारखायला दुसरा भाव हाताशी असावा लागतो, आणि तात्यापाऱ्यातल्या घराला तो तीनशे किलोमीटरांच्या आत असलेल्या नागपूरच्या आप्तांकडून कळू शकतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या तीन-चार दशकांत मात्र असा ताळा घेण्याला फारसा अर्थ नव्हता. बाजारात मोटारींचे प्रकारच मोजके होते : हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसिडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची, मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी फियाट, जी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. वाटप आणि विक्री यांवर 1959 च्या नियंत्रण आदेशाने सरकारी बंधने आली होती, आणि सप्टेंबर 1969 मध्ये उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाखाली सरकारने या तिन्ही मोटारींच्या विक्रीच्या किमतीच ठरवून दिल्या. उत्पादकांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, न्यायालयाच्या सूचनेवरून किमतींच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला, आणि 1971 च्या निकालात रास्त किंमत म्हणजे काय याची सविस्तर चर्चा झाली : कच्च्या मालाचा व मजुरीचा खर्च, घसारा, हमीपोटी होणारा खर्च, विक्रेत्याचे कमिशन आणि गुंतवलेल्या भांडवलावरचा वाजवी परतावा. एका मोटारीच्या किमतीची इतकी बारकाईने आणि जाहीरपणे फोड होण्याचा हा प्रसंग भारताच्या औद्योगिक इतिहासात फार मोलाचा आहे. ग्राहकाला आपण कशाचे पैसे मोजतो हे कागदावर वाचण्याची संधी त्यानंतर क्वचितच मिळाली.

तरीही ठरलेली किंमत आणि प्रत्यक्षात मोजलेली किंमत यांत अंतर होतेच, कारण मागणीच्या मानाने उत्पादन तोकडे होते आणि ग्राहकाला वर्षानुवर्षे थांबावे लागे. नंबर लागलेली गाडी दुसऱ्याला देताना जी वरकड रक्कम घेतली जाई तिला ‘ऑन’ म्हणत, आणि एखाद्याने ‘ऑन देऊन गाडी घेतली’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळा व्यवहार समजत असे. त्या काळी चांगला सौदा म्हणजे सवलत मिळणे नव्हे. ऑन न देता छापील किमतीत आणि लवकर गाडी हाती येणे हाच खरा लाभ होता. स्कूटरच्या बाबतीतही हेच घडत होते, आणि पुण्याजवळ आकुर्डीला तयार होणाऱ्या बजाजच्या स्कूटरसाठी दीर्घकाळ वाट पाहणे ही मध्यमवर्गीय घरांतली सर्वसाधारण गोष्ट होती.

मोटारींवरील वैधानिक किंमत-नियंत्रण 1975 मध्ये उठले, पण टंचाई उठली नाही. मारुतीच्या छोट्या मोटारीसाठी 1983 मध्ये 10,000 रुपये अनामत भरून लाखाहून अधिक लोकांनी नाव नोंदवले, त्याच वर्षी 14 डिसेंबरला पहिली गाडी ग्राहकाच्या हाती आली, आणि सुमारे 47,500 रुपयांच्या त्या गाडीच्याही नंबराला बाजारात ऑन मिळू लागला. खरा बदल 1993 मध्ये मोटारनिर्मिती परवानामुक्त झाल्यावर आला. नवे उत्पादक आले, पुण्यात तयार होणारी टाटांची इंडिका 1998 मध्ये सादर झाली, आणि गाडीसाठी ग्राहकाने थांबण्याऐवजी ग्राहकासाठी विक्रेत्याने थांबण्याचे दिवस आले. सूट मागणे शक्य झाले. मात्र ती खरी की दिखाऊ, हा प्रश्न येथूनच सुरू झाला.

या प्रश्नाचे उत्तर कोटेशनच्या कागदावर शोधावे लागते. त्यावरची पहिली रक्कम ‘एक्स-शोरूम’ किंमत, म्हणजे उत्पादकाची किंमत, विक्रेत्याचा नफा आणि वस्तू व सेवा कर यांची बेरीज. त्यानंतर वाहनकर, नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग, जादा हमी, सीटकव्हर-मॅटसारखे साहित्य आणि कित्येकदा ‘हँडलिंग’ नावाची एक रक्कम, आणि या सर्वांची बेरीज म्हणजे ‘ऑन-रोड’ किंमत. विक्रेता पहिल्या ओळीवर 20,000 रुपये सोडतो आणि स्वतःच्या दुकानातून घ्यायला लावलेल्या विम्यात व साहित्यात ते परत मिळवतो, तेव्हा ग्राहकाला सूट मिळाल्याचे समाधान लाभते, पण पैसे वाचत नाहीत. याउलट सूट बीजकावरच, म्हणजे इन्व्हॉइसवर, वजा करून दाखवली असेल तर करपात्र मूल्य कमी होते आणि करही त्या घटलेल्या रकमेवर बसतो. म्हणून तोंडी कबूल केलेल्या भेटवस्तूंपेक्षा बीजकावरची लहान सूटही अधिक भरवशाची असते. चॅसिस क्रमांकावरून कळणारे उत्पादनाचे वर्ष हीदेखील पाहण्याची बाब आहे, कारण जानेवारीत विकली जाणारी आदल्या वर्षीची गाडी पुनर्विक्रीच्या वेळी एक वर्ष जुनी धरली जाते, आणि वर्षअखेरची मोठी सूट बहुतांशी त्याचीच भरपाई असते.

विक्रेत्यांच्या आपसांतील स्पर्धेलाही मर्यादा होत्या, आणि त्या उघड झाल्या महाराष्ट्रातूनच. मुंबई वगळता महाराष्ट्रातील मारुती सुझुकीच्या विक्रेत्यांना ठरवून दिलेल्या सवलतीपलीकडे सूट देऊ दिली जात नाही, अशी निनावी तक्रार स्पर्धा आयोगाकडे आली आणि आयोगाने 2019 मध्ये चौकशीचा आदेश दिला. त्या चौकशीत दिसले ते असे की, कंपनीने नेमलेल्या संस्थांची माणसे ग्राहक बनून दुकानांत जात, जादा सूट मिळते का ते पाहत, पुरावा गोळा करत, आणि सूट देणाऱ्या विक्रेत्याला व त्याच्या विक्री प्रतिनिधीलाही दंड होई. आयोगाने ऑगस्ट 2021 मध्ये कंपनीला 200 कोटी रुपयांचा दंड केला. कंपनी अपिलात गेली. ह्युंदाईवर अशाच स्वरूपाच्या आरोपाखाली 2017 मध्ये झालेला 87 कोटींचा दंड अपील न्यायाधिकरणाने 2018 मध्ये रद्द केला होता, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने हा विषय सरळ नाही. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र त्यातला अन्याय स्पष्ट आहे, कारण चार दुकाने फिरून भाव काढणे ही सामान्य माणसाच्या हातातली एकमेव कसोटी, आणि चारही दुकानांतला भाव आधीच बांधलेला असेल तर ती कसोटीच निकामी होते.

रायपूर आणि नागपूर यांच्या भावांतला फरक मुख्यतः करांतून आला. मध्य प्रदेशात 1976 मध्ये जकातीच्या जागी प्रवेशकर आला, 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड वेगळे झाल्यावर तोच कायदा नव्या राज्याकडे आला, आणि 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन असे स्थानिक कर त्यात विलीन होईपर्यंत एकाच गाडीची एक्स-शोरूम किंमत राज्याराज्यांत बदलत असे. त्यानंतर हे अंतर पुष्कळ कमी झाले, पण राज्यांचा वाहनकर वेगळाच राहिला; महाराष्ट्रात 10 लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर तो अनेक वर्षे 11 टक्के होता, तर छत्तीसगडचा ‘जीवनकाल कर’, म्हणजे नोंदणीच्या वेळी एकदाच भरायचा कर, त्याहून हलका होता.

याच करावर आज रायपूरचा सर्वांत मोठा सौदा उभा आहे. ग्वाल्हेरला तेथील संस्थानिक माधवराव शिंदे यांनी 1905 मध्ये सुरू केलेल्या मेळ्यात वाहनखरेदीवर करसवलत देण्याची प्रथा मध्य प्रदेशात रुजली, आणि तिच्याच धर्तीवर रायपूरच्या वाहन विक्रेत्यांच्या संघटनेच्या ऑटो एक्स्पोमध्ये 15 जानेवारी ते 15 फेब्रुवारी 2025 या काळात विकल्या गेलेल्या वाहनांवर छत्तीसगड सरकारने जीवनकाल करात 50 टक्के सूट दिली. एखाद्या मोटारीवर 72,000 रुपये कर बसत असेल तर त्यातले 36,000 वाचतात, आणि ही रक्कम विक्रेत्याच्या नव्हे तर शासनाच्या तिजोरीतून सुटते, म्हणून डिसेंबरात गाडी ठरवणाऱ्या कुटुंबाने महिनाभर थांबून एक्स्पोची घोषणा होते का ते पाहणे शहाणपणाचे असते. तरी विक्रेत्याने त्याच महिन्यात आपली नेहमीची सूट आखडती घेतली नाही ना, हे आधीच्या कोटेशनशी ताडून घ्यावेच लागते. नागपूरच्या आप्ताला मात्र या सवलतीचा उपयोग नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 40 नुसार गाडीची नोंदणी मालक जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जेथे सामान्यतः ठेवली जाते त्या राज्यातच करावी लागते. म्हणून दोन शहरांतली कोटेशने समोरासमोर ठेवताना तात्यापाऱ्यातल्या ग्राहकाने कराची ओळ बाजूला काढून उरलेल्या ओळींचीच तुलना करायची असते.