ह्रस्व-दीर्घाची टवाळी

समाजमाध्यमांवर कुणी 'परिक्षा' लिहिले, 'आशिर्वाद' लिहिले, 'पानी' लिहिले की खाली टवाळी सुरू होते. ती करणाऱ्यांची बाजू बऱ्याच सुशिक्षित मराठी माणसांना पटते. भाषा सगळ्यांची आहे, तिची नासधूस दिसत असताना गप्प का बसायचे, असे ते म्हणतात. दहा वर्षे शाळेत मराठी शिकून ज्याला 'मी' दीर्घ लिहिता येत नाही, तो आळशी तरी आहे किंवा बेफिकीर तरी. गोडीगुलाबीने सांगून कुणी सुधारत नाही. चारचौघांत हसे झाले की मात्र ती चूक जन्मात पुन्हा होत नाही. आणि यात निर्दयपणा कसला, आम्ही चुकीला हसतो, माणसाला नाही. असे बोलणाऱ्यांपैकी कितीतरी जण मराठीवर मनापासून प्रेम करतात. म्हणून हे मत दुर्लक्ष करून सोडून देण्यासारखे नाही, आणि माझ्या मते ते मुळापासून चुकीचे आहे.

आधी बेफिकिरीचा आरोप पाहू. 'सुख' आणि 'भूक' हे दोन शब्द मोठ्याने म्हणा. दोन्हींतला उकार आपण सारखाच उच्चारतो. लिहिताना मात्र एक ह्रस्व आणि एक दीर्घ. नियम असा की शब्द अकारान्त असेल तर त्यातला उपान्त्य इकार किंवा उकार दीर्घ लिहावा: फूल, वीट, भूक, विहीर. पण शब्द तत्सम असेल, तर संस्कृतात जसा असेल तसाच ठेवावा: गुण, विष, सुख, मधुर. पुढे विभक्ती लागली की 'फूल'चे 'फुलाला' होते, 'दूत'चे मात्र 'दूताला'च राहते, कारण दूत तत्सम. 'कवी' दीर्घ, 'कविसंमेलन' ह्रस्व, आणि 'आणि' एकटे असूनही ह्रस्व. 'परिस्थिती'तला रि ह्रस्व आणि 'परीक्षा'तला री दीर्घ, कारण परीक्षेत 'परि' आणि 'ईक्षा' यांचा संधी झाला आहे.

यातल्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे आणि मला ही व्यवस्था आवडते. पण तिच्यात कानाचा उपयोग जवळपास नाही. अचूक लिहायचे तर हातातला शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की मराठीच्या वळणाने बदलून आला, हे आधी कळावे लागते. ते न कळताही ज्यांचे लेखन शुद्ध असते, त्यांच्या डोळ्यांत शब्दांचे छापील रूप बसलेले असते, आणि ते बसते लहानपणापासून भरपूर छापील मजकूर वाचून. घरात पुस्तकांचे कपाट, रोज येणारे वर्तमानपत्र, वहीतली वेलांटी तपासणारे कुणीतरी मोठे माणूस, हे सगळे ज्याला मिळाले त्याच्या हातून 'परीक्षा' आपोआप उतरते. तिथे त्याला फारशी काळजी घ्यावी लागत नाही, आणि ज्याच्या हातून उतरत नाही तो काळजी घेत नाही असेही ठरत नाही. अध्ययन-अक्षम मुलांना महाराष्ट्रात शालान्त परीक्षेत सवलती मिळतात. ती मुले मोठी होऊन फोनवर लिहितात तेव्हा त्यांच्या मजकुराशेजारी तसे प्रमाणपत्र लावलेले नसते.

काही चुका तर अक्षरांच्या घडणीतूनच येतात. 'श्रद्धांजली'तले जोडाक्षर पाहा. द आणि ध एकमेकांत असे गुंतवलेले असतात की पहिला कोण आणि दुसरा कोण हे डोळ्यांना चटकन कळत नाही. म्हणून टाइप करताना कितीतरी जण ध आधी घेतात आणि 'श्रध्दांजली' होते. 'उद्घाटन'चे 'उद्धाटन' होते, कारण कित्येक छापील वळणांत द्घ आणि द्ध जवळजवळ सारखे दिसतात. फोनवर रोमन अक्षरे दाबून देवनागरी उमटवणारा माणूस यंत्राने सुचवलेला पहिला शब्द घेतो, आणि कळफलक हिंदीचा असला तर पाण्याचे पानी होणारच.

सर्वांत जास्त सोसतो तो शेतकरी. या शब्दाला प्रत्यय लागला की 'शेतकऱ्यांना' हे रूप होते आणि त्यातला आडवा रफार, म्हणजे ऱ्य, पुष्कळ कळफलकांवर सहजी सापडत नाही. साधा र घेतला की 'शेतकर्यांना' होते. नाशिक जिल्ह्यातला एखादा कांदाउत्पादक लिहितो की लासलगावच्या लिलावात आज मिळालेल्या भावात गाडीभाडेही सुटले नाही, शेतकर्यांना कुणी वाली नाही. त्यावर पहिले उत्तर येते, 'आधी शुद्ध लिहायला शिका.' भावाबद्दल उत्तर देणाऱ्याला काही बोलायचेच नव्हते. अशा वेळी 'आम्ही चुकीला हसलो, माणसाला नाही' हा बचाव टिकत नाही, कारण त्या माणसाचे म्हणणे पुढे जाऊ न देण्यासाठीच चूक पुढे केलेली असते. आणि मजकुराचे चित्र नावासकट गटागटांतून फिरते, तेव्हा लोकांच्या लक्षात रफार राहत नाही, नाव राहते.

'पानी' आणि 'आनि' यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. वऱ्हाडात, खानदेशात आणि इतरत्रही लाखो लोक पाण्याला पानीच म्हणतात. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. हे लोक ऐकतात-बोलतात तेच लिहितात. त्यांना हसणारा व्याकरणाला हसत असल्यासारखा दिसला, तरी त्या हसण्याचा रोख कुठे आहे हे महाराष्ट्रात सगळ्यांना कळते. 'आनि-पानी' म्हणून कुणाला चिडवले जाते आणि कोण चिडवते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या वर्गातच पाहिले आहे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतली, आचार्य अत्र्यांनी १९५२ साली ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आणली, आणि ती लेवा गणबोलीत जशी होती तशीच छापली गेली. ती बोली कवितेत आली की आपण भारावून जातो. तीच बोली जामनेरच्या एखाद्या पोराच्या चार ओळींत आली की तिच्यावर लाल रेघ मारतो. हा भेद कोणत्या व्याकरणात बसतो, हे मला अजून कुणी सांगितलेले नाही.

आता भाषेच्या नासधुशीविषयी. मराठीचा शेकडो वर्षांचा कारभार ज्या मोडी लिपीत चालला, तिच्यात इकार-उकारांचा ह्रस्व-दीर्घ भेद सहसा पाळलाच जात नसे. मोडीत शब्द तोडून लिहिण्याचीही रीत नव्हती. वतनपत्रे, जमाखर्च, युद्धभूमीवरून धाडलेली पत्रे अशीच लिहिली गेली आणि त्यांच्यावर राज्य चालले. आज आपण जे नियम पाळतो ते मराठी साहित्य महामंडळाने तयार केले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. त्याआधी 'घरें', 'करूं', 'नांव', 'पांच' असे लिहिणे शुद्ध होते. न उच्चारले जाणारे ते अनुस्वार गेले. नाव म्हणजे होडी आणि नाव म्हणजे ज्याने हाक मारतात ते, या दोन शब्दांत पूर्वी अनुस्वाराने भेद होता, आता उरला नाही, आणि त्यामुळे कुणी होडीला हाक मारलेली नाही. यावर कुणी म्हणेल की जुने लोक त्यांच्या काळचे नियम पाळत होते, आजचा चुकणारा कोणताच नियम पाळत नाही. हा आक्षेप रास्त आहे. नियम बदलतात म्हणून ते पाळू नयेत असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की जी गोष्ट एका पिढीत शुद्ध आणि पुढच्या पिढीत अशुद्ध ठरते, तिच्यावरून माणसाची अक्कल किंवा त्याचे भाषाप्रेम मापता येत नाही.

या वादात 'ध'चा 'मा' हमखास निघतो. एका अक्षराने पेशव्याचा जीव गेला, मग अक्षराला महत्त्व नाही कसे म्हणता? ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला हा इतिहास आहे. 'धरावे'चे 'मारावे' झाले ही त्या खुनाभोवती उभी राहिलेली आख्यायिका. ती खरी मानली तरी त्यात शुद्धलेखनाची चूक कुणी केलेली नाही. ज्या व्यक्तीने अक्षर बदलले असे सांगतात, तिला लिहिता उत्तम येत होते आणि काय लिहितो आहोत हेही पक्के ठाऊक होते. ती खाडाखोड होती. 'परिक्षा' वाचून आजवर कुणाचा अर्थाचा घोटाळा झालेला नाही.

मराठीत या टवाळीला मोठी परंपरा आहे आणि तिचा सर्वांत ठळक नमुना एकोणिसाव्या शतकातला आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. आधुनिक मराठी गद्याला त्यांनी जी ऐट दिली ती नाकारण्याचे कारण नाही. त्याच निबंधमालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेतला आणि तो घेताना फुल्यांच्या व्याकरणाची, त्यांच्या भाषेची यथेच्छ टर उडवली. 'गुलामगिरी' १८७३ सालची. तिच्यात फुले विचारत होते की शूद्रातिशूद्रांना विद्येपासून दूर कुणी ठेवले. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले त्याने लिहायला घेतल्यावर 'तुला लिहिता येत नाही' म्हणणे, हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. उलट फुल्यांच्या तक्रारीचा तो आणखी एक पुरावाच होता. १८८५ साली मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण आले तेव्हा फुल्यांनी न्यायमूर्ती रानड्यांना पत्र लिहून नकार कळवला. लिहिणाऱ्यांच्या त्या मेळ्यात आपल्या लोकांची दुःखे मांडायला जागा नाही, असे त्यांना वाटत होते. मराठी साहित्याचा तो तोटा पुढे फार काळ भरून निघाला नाही.

महामंडळाच्या नियमांत एक नियम आहे ज्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. चिपळूणकरांच्या पूर्वीचे गद्य आणि केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य यांतले उतारे छापताना ते मुळाप्रमाणे छापावेत. त्यानंतरचे लेखन, खुद्द चिपळूणकर आणि केशवसुत यांच्या लेखनासह, नव्या नियमांप्रमाणे छापावे. म्हणजे निबंधमालेतला उतारा आज पाठ्यपुस्तकात घ्यायचा तर त्यातले अनुस्वार आधी काढावे लागतात, ह्रस्व-दीर्घ बदलावे लागतात. यात चिपळूणकरांना कसला कमीपणा येत नाही. फुल्यांनाही तेव्हा येण्याचे कारण नव्हते.

राहिला परिणामाचा मुद्दा. हसे झाले की माणूस सुधारतो, हे खरे मानले जाते कारण सुधारलेला माणूस आपल्याला दिसतो. जो लिहायचाच थांबला तो दिसत नाही. आणि जो थांबत नाही त्याच्यापुढे एक सोपी पळवाट असते, रोमन लिपीची. रोमन अक्षरांत मराठी लिहिणाऱ्याला ना ह्रस्व ना दीर्घ, ना ण ना ळ, आणि त्याला कुणी हसत नाही. देवनागरीचा कळफलक शोधून, वेलांट्या-उकार जुळवून, अडखळत का होईना पण मराठी लिपीत लिहिणारा मात्र हमखास सापडतो. ज्याने मराठीसाठी थोडे जास्त कष्ट घेतले त्यालाच दंड, असा हा कायदा आहे. मराठी टिकावी म्हणून टवाळी करतो असे म्हणणाऱ्यांनी या एका गोष्टीचा विचार करावा. ही टवाळी ऐकून किती जण 'मि'चा 'मी' करतील आणि किती जण ती वेलांटीच सोडून रोमनकडे जातील?

शिक्षकाचे रागावणे वेगळे. तो वहीवर लाल खूण करतो, पण उद्या पुन्हा त्याच मुलासमोर उभा राहतो आणि ते शिकवण्याची जबाबदारी त्याची असते. अनोळखी माणसाच्या मजकुराखाली दात काढणाऱ्याची त्या माणसाबद्दल कसलीच जबाबदारी नसते.

मग कुणालाच बोलायचे नाही का? बोलावे, आणि कडक बोलावे, पण जिथे जबाबदारी आहे तिथे. पालिकेने लाखो रुपये खर्चून लावलेल्या फलकावर चूक असेल, पाठ्यपुस्तकात असेल, वाहिनीच्या पडद्याखालून धावणाऱ्या पट्टीत असेल, तर गप्प बसणे हा गुन्हा आहे. शुद्ध मजकूर देण्याचे त्यांना पैसे मिळतात आणि त्यांचा मजकूर पाहूनच उद्याच्या मुलांच्या डोळ्यांत शब्दांची रूपे बसणार आहेत. मुद्रितशोधकाचे पद कितीतरी ठिकाणी काटकसरीच्या नावाखाली गेले. त्याबद्दल आवाज उठवणारे थोडे आणि गावाकडच्या पोराच्या 'हार्दीक शुभेच्छां'वर तुटून पडणारे फार, हे प्रमाण उलटे व्हायला हवे. मंत्र्याच्या कार्यालयातून सुटलेल्या अशुद्ध पत्रकाला हसणे आणि वडिलांच्या तेराव्याला 'भावपुर्ण श्रध्दांजली' लिहिणाऱ्या मुलाला हसणे, या दोन कृती एकाच तागडीत घालता येत नाहीत.

साध्या माणसाची चूक सुधारावीशी वाटली तर तीही सुधारता येते: आधी त्याच्या म्हणण्याला उत्तर देऊन, मग बाजूला, एकट्याला, कारण सांगून. ज्यांनी मराठीच्या लेखनासाठी खरोखर आयुष्य वेचले त्यांनी हेच केले. अरुण फडक्यांनी 'मराठी लेखन-कोश' रचला आणि अडलेल्याला जागच्या जागी शब्द पाहता यावा म्हणून 'शुद्धलेखन ठेवा खिशात' नावाचे छोटेसे पुस्तक काढले. यास्मिन शेख यांनी 'मराठी शब्दलेखनकोश' सिद्ध केला. या पुस्तकांत चुकणाऱ्याला नावे ठेवलेली नाहीत. शब्द कसा लिहायचा ते दिले आहे. 'परीक्षा'तला री दीर्घ का, हे परि आणि ईक्षा वेगळे करून दाखवायला दोन ओळी पुरतात. त्या लिहायच्या तर तो नियम मात्र लिहिणाऱ्याला स्वतःला माहीत असावा लागतो.