वऱ्हाडची ज्वारी आणि गरिबाचें ताट

बुलढाणा जिल्ह्यांतील गरीब घरच्या सायंकाळच्या जेवणाचा इतिहास म्हणजे ज्वारीचाच इतिहास होय. अंबाडीच्या भाजींत मूठभर ज्वारीच्या कण्या शिजवावयाच्या, कीं एका जुडींत सारें घर जेवी. जोडीला भाकरी व जवसाची चटणी. तेल नांवापुरतें. ही काटकसर चवीस उणी नव्हती, हें शहरवासी श्रोत्यांनीं एकदां करून पाहावें.

अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धानें कापसाचा भाव चढला. १८७० सालीं खामगांवास आगगाडी आली. कपाशीनें रोकड आणली खरी, परंतु पेवांतली ज्वारी दुकानांत गेली आणि भाकरीस बाजारभाव चिकटला. तूर मात्र कपाशीच्याच शेतांत पेरीत, म्हणून वरण तेवढें घरचें राहिलें. १८९९-१९०० च्या दुष्काळांत आगगाडीनें धान्य येऊं शकत होतें. मजुरी बुडालेल्या घरीं तें घेण्यास पैसा नव्हता.

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रांत रेशनवर परदेशी तांबडी मिलो आली. तिची भाकरी लोकांस रुचली नाहीं, तरी कित्येक चुली तिच्यावरच चालल्या. आज त्या काळ्या जमिनींत सोयाबीन डोलतें, आणि गरिबाची ज्वारी दुकानांत कित्येकदां गव्हाहून महाग मिळते.