मसलत की फितुरी?

आमच्या तिसगावात 'हुशार' म्हणजे कौतुक. 'चलाख' म्हटलं की ऐकणारा जरा सावध होतो. दोन्ही शब्द फारसीतले. 'मसलत' आणि 'फितूर' अरबीतून आले. त्यांची गल्लत झाली की जीव जातो.

१६०० साली मोगलांनी अहमदनगरला पुन्हा वेढा घातला. १५९५-९६ मध्ये हाच किल्ला चाँदबीबींनी लढवून राखला होता. आता तो टिकणार नाही, हे त्यांनी ओळखलं. किल्ला सोडून बाल निजामशहाला सुखरूप जुन्नरला न्यावं, ही त्यांची मसलत. हमीदखानाने तिला फितुरी म्हणत शहरभर ओरड केली. जमावाने चाँदबीबींना ठार मारलं. लवकरच किल्ला पडला, बाल निजामशहा ग्वाल्हेरला कैदेत गेला.

म्हणून कुणी कुणाला फितूर म्हटलं की मी आधी विचारतो, म्हणणारा कोण?